तुम्ही विचारलंत म्हणून: सहावीच्या मुलांना इजिप्त कशाला?

पालकसभा संपली की दरवर्षी कुणीतरी एकजण मागे थांबतं. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पोरांना आपलाच इतिहास धड येईना झालाय, आणि तुम्ही इजिप्त-मेसोपोटेमियाचं काय घेऊन बसलाय?" विचारणाऱ्याला मनापासून काळजी असते, म्हणून मी तो प्रश्न कधी उडवून लावलेला नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला इतिहास म्हटलं की पन्हाळा आठवणार, ताराराणी आठवणार, शाहू महाराज आठवणार. मलाही तेच आठवतं. पण जिन्यात उभ्या उभ्या पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. मी सहावीला प्राचीन जग आणि सातवीला मध्ययुग शिकवते, त्याला आता चौदा वर्षं होतील.

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात, वर्गाची हजेरी झाल्यावर, मी आणखी एक हजेरी वाचून दाखवते. इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं. त्याला आज देर अल-मदिना म्हणतात. तिथल्या एका लेखनिकाने इ.स.पू. १२५० च्या सुमारास, दुसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या ४० व्या वर्षी, चुनखडीच्या चपट्या दगडावर ४० कामगारांची हजेरी मांडली. तो दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तारखा काळ्या शाईत, त्यांच्यावर गैरहजेरीची कारणं लाल शाईत. आजारी. डोळे दुखतात. विंचू चावला. आईचं प्रेत गुंडाळत होता. बिअर करत होता.

बिअरवर वर्ग हसतो. हसून झालं की मी विचारते, हे कारण लेखनिकाने चालवून कसं घेतलं असेल? मग भाकरी आणि बिअर हेच तिथलं रोजचं अन्न होतं आणि मजुरीसुद्धा धान्यातच मिळायची, हे सांगावं लागतं. एका वर्षी मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्यात गुऱ्हाळ लागलं की मी पण येत नाही की शाळेला." त्या वाक्यानंतर वर्गात इजिप्त लांबचं राहिलं नाही. तेव्हापासून मुलं घरून फुटक्या कौलाचे तुकडे आणतात आणि त्यावर शाईने आपापल्या गैरहजेरीची कारणं लिहितात. ताप. जोतिबाची यात्रा. गुऱ्हाळ. आजी वारली. एका तुकड्यावर फक्त 'पाणी आलं होतं' एवढंच होतं. ते पंचगंगेचं पाणी.

पुराचं इथल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे सहावीतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. म्हणून मी नाईल नदी नकाशावरून शिकवत नाही, मोजपट्टीवरून शिकवते. कैरोत रोडा बेटावर नाईलचं पाणी मोजायचा एक संगमरवरी खांब आहे. अब्बासी खलिफा अल-मुतवक्किलच्या काळात, इ.स. ८६१ मध्ये तो उभारला गेला. त्यावरच्या खुणा हातांच्या आहेत. आपल्या आज्या 'दोन हात कापड' म्हणतात ना, तोच हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्याच्याही आठशे वर्षं आधी रोमन लेखक प्लिनीने नाईलच्या पातळ्या लिहून ठेवल्या होत्या: बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ, तेरा हात म्हणजे अजून उपाशीच, चौदाला लोक हसू लागतात, पंधराला निश्चिंत होतात आणि सोळाला आनंदीआनंद.

मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एक मुलगी उभी राहिली. २०१९ च्या महापुरात तिच्या घराचा तळमजला बुडाला होता. ती म्हणाली, "पाणी वाढल्यावर लोकांना आनंद कसा होईल? काहीतरी चुकीचं लिहिलंय त्यांनी." पुढचा सगळा तास त्यावरच गेला. पाऊस जवळजवळ नसलेला देश, पुराबरोबर येणारा गाळ, त्या गाळावर उभं राहणारं पीक आणि पाण्याची पातळी बघून ठरणारा शेतसारा. शेवटी ती म्हणाली, तिथे पाणी कमी आलं तरी धोका, जास्त आलं तरी धोका. जुनी माणसं आपल्यासारखीच होती, असं सांगणं सोपं असतं, मुलांना ते आवडतंही. पण ती कुठे आपल्यासारखी नव्हती आणि का नव्हती, हे कळायला जास्त कष्ट पडतात. मला त्या कष्टांसाठी शिकवायचं असतं.

पिरॅमिडच्या धड्याला दरवर्षी परग्रहवासी येतात. पिरॅमिड त्यांनीच बांधले, असं मोबाइलवर कुणीतरी बघितलेलं असतंच. मी रागावत नाही. इजिप्तच्या खुफू राजाच्या गिझा इथल्या पिरॅमिडसाठी दगड वाहणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी समोर ठेवते. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये हे पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेले कागद, सापडले. चाळीसएक माणसांची तुकडी, तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे, गिझाला पोचवायचे, परत फिरायचं, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. एवढी नोंद वाचली की परग्रहवासी आपोआप मागे पडतात, कारण मुलांना आता नावेतल्या माणसांबद्दल विचारायचं असतं.

सातवीला इब्न बतूता असतो. हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता. तिथल्या किल्ल्याच्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, मांजरंच त्यांना घाबरतात, असं तो सांगतो. "ही घूसच की ओ!" अर्धा वर्ग एका आवाजात. बरोबर असेल कदाचित. मग आम्ही पुढचे प्रश्न काढतो. उंदीर त्याने स्वतः पाहिले म्हणतो. पण त्या उंदरांनी कैद्यावर धाड घातली ती गोष्ट त्याला दुसऱ्या माणसाने सांगितलेली. शिवाय हा सगळा वृत्तान्त त्याने मायदेशी परतल्यावर तोंडी सांगितला, तो दुसऱ्याने लिहून घेतला आणि १३५५ मध्ये पुरा झाला. म्हणजे दहा-बारा वर्षांनी. मुलं वहीत तीन रकाने आखतात: पाहिलेलं, ऐकलेलं, आठवलेलं.

तर आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आपल्या इतिहासाबद्दल काही विचारलं की मुलं आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात. काय बोललं तर चालेल, काय नाही, याचा अंदाज घेतात. बारा वर्षांची मुलं! इजिप्तबद्दल बोलताना ती तसं करत नाहीत. तिथे कुणाच्या घराण्याचा, गावाचा, जातीचा मान अडकलेला नसतो, म्हणून 'कशावरून?' हा शब्द मोकळेपणाने तोंडातून निघतो. एकदा तो सवयीचा झाला की मग पन्हाळ्यावरही निघतो. गेल्या सहलीत तीन दरवाजावरच्या फारसी शिलालेखाखाली चार पोरं मान वर करून किती वेळ उभी होती. कुणी लिहिला, कुणी वाचायचा म्हणून लिहिला, आणि बाजूला सांगतात ती गोष्ट त्यात आहे का?

एक वडील थोडे नाराज होऊन म्हणाले, पोरगं आता घरातही प्रत्येक गोष्टीला 'कशावरून' करतंय, उद्या महाराजांबद्दल विचारेल. विचारू दे. महाराजांची पत्रं आहेत, किल्ले आहेत, त्यांच्या शत्रूंनी लिहून ठेवलेल्या नोंदी आहेत. माझी महाराजांवर श्रद्धा आहे, आणि म्हणूनच त्या प्रश्नाची मला भीती वाटत नाही.

टाउन हॉलच्या संग्रहालयात एकदा मुलाला घेऊन जाच. तिथे पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आहे. ती आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठी, १९४५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात मिळाली. मी मुलांना तिच्यासमोर उभं करते आणि पहिली दहा मिनिटं काहीच सांगत नाही. रोमशी चालणारा व्यापार, कोकणातली बंदरं, घाट चढून येणारे बैल, हे सगळं नंतर येतं. आधी कुणीतरी काचेला नाक लावून विचारतं, "मॅडम, समुद्राचा देव घाटावर कसा आला?"