शहाण्णव भोकांची बस

अमेरिकेतली पिवळी शाळेची बस ही मुळात रिकामी होण्यासाठी बांधलेली गाडी आहे. ७२ पोरं दाटीवाटीनं बसवायची आणि काही बिनसलं तर सगळी झटपट बाहेर काढायची, हा तिचा धर्म. पुढे दार, मागे दार, छतात झडपा, आणि काही खिडक्या तर खिट्टी दाबून ढकलली की अख्ख्या बाहेर उघडणाऱ्या. घराचा स्वभाव नेमका उलटा. तिथे ऊब आत राहायला हवी आणि पाणी बाहेर. म्हणून लिलावातली जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर करणारी मंडळी सुरुवातीचे दोन-तीन महिने काही बांधतच नाहीत. नुसतं उचकटतात आणि बुजवतात. या घराला तिकडे ‘स्कूली’ म्हणतात. हिंदीतल्या ‘स्कूली’शी त्याचा संबंध नाही, पण ऐकताना गंमत वाटते खरी.

बस बघायला जाताना बहुतेकांचं लक्ष इंजिनाकडे असतं. ते चूक नाही. इंटरनॅशनलचं डीटी४६६ किंवा कमिन्सचं ५.९ लिटरचं जुनं इंजिन मिळालं तर सुटे भाग मिळतात आणि हात लावणारा मेकॅनिकही सापडतो. गिअरबॉक्स ॲलिसनचा एटी५४५ असेल तर मात्र घाट चढताना तेलाच्या तापमानाकडे डोळा ठेवावा लागतो, कारण त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाला, लॉकअप (दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकणारी सोय) नाही. तो सरकत राहतो, आणि वाया जाणारी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. पण इंजिन बदलता येतं, सांगाडा नाही. म्हणून अंगाखाली जुनी चटई घेऊन बसखाली शिरावं. ओहायो किंवा मिनेसोटासारख्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथली बस वरून नवरीसारखी आणि खालून पापडासारखी असू शकते. ॲरिझोनाची बस खालून कोरी ठणठणीत, पण उन्हानं तिची सगळी रबरं भाजलेली. यातलं दुसरं दुखणं परवडतं. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचावा: ३११८ म्हणजे २०१८ सालचा ३१वा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून टायर तरुण असतो असं नाही.

मग बाकडी. ७२ मुलांच्या बसमध्ये २४ बाकडी असतात. बहुतेक गाड्यांत प्रत्येकाचे चार बोल्ट जमिनीत आणि दोन भिंतीकडच्या पट्टीत. म्हणजे नुसत्या जमिनीतच ९६. पाठ्यपुस्तकातली पद्धत अशी की एकानं वर पाना धरायचा, दुसऱ्यानं खाली झोपून नट फिरवायचा. प्रत्यक्षात काही नट डिझेलच्या टाकीवर, काही चॅसीच्या तुळईवर आणि उरलेले गंजून बोल्टशी एकजीव झालेले. अखेर ग्राइंडर निघतो. बोल्टचं डोकं कापायचं आणि उरलेला दांडा पंच नावाच्या बोथट लोखंडी सळईनं खाली ठोकायचा. टाकीवरच्या बोल्टांना मात्र ठिणगी दाखवायची नाही; तिथे वेळ गेला तरी पानाच. ग्राइंडरच्या ठिणग्या बाकड्याच्या फोममध्ये शिरल्या तर तो आतल्या आत धुमसतो, हे ठाऊक असल्यानं लोक पाण्याची बादली जवळ ठेवतात. काच मात्र विसरतात. तापलेले पोलादी कण काचेवर उडून तिथेच रुततात, आणि दोन दिवसांनी काचेवर तपकिरी पुरळ दिसतं. ते घासून जात नाही. दहा मिनिटं खर्चून खिडक्यांवर जुनी चादर टांगली असती तर वाचलं असतं.

बाकड्यांखाली रबरी मॅट, मॅटखाली प्लायवूड, त्याखाली पत्रा. वर्षानुवर्षं ओल्या बुटांचं पाणी झिरपून हे प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं असतं. ‘बरं दिसतंय, राहू द्या’ हा मोह इथे टाळावा, कारण गंज कडेला, चाकांच्या खोक्यांपाशी आणि हीटरच्या नळ्यांजवळ लपून बसतो. प्लायवूड काढायचं, पत्रा तारेच्या ब्रशनं घासायचा, फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं. गंज काळा पडला की धुवून-पुसून वाळवायचं आणि इपॉक्सी प्रायमर मारायचा. हात आरपार गेला तर पत्रा कापून नवा जोडायचा. रंगानं भोक बुजत नाही.

आता ती ९६ भोकं. साधारण करंगळीएवढं एकेक. यावर तिकडच्या हौशी लोकांचा लाडका तोडगा म्हणजे एक सेंटचं नाणं. त्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर, भोकावर बरोब्बर झाकण बसतं. भोकाभोवती पॉलियुरेथेन सीलंटचं (फटी बुजवणाऱ्या रबरी लुकणाचं) वेटोळं काढायचं, नाणं दाबायचं, बाजूनं बाहेर आलेलं सीलंट बोटानं नाण्यावर ओढून घ्यायचं. १९८२ नंतरचं नाणं आतून जस्ताचं असतं, तांबं नुसतं मुलाम्यापुरतं. तरीही ते तांबं ओल्या पोलादाला टेकलं तर गंजाला आमंत्रण. म्हणून खाली सीलंटची गादी हवीच. घरातलं इतकं स्वस्त काम दुसरं नाही: सीलंट सोडलं तर ९६ सेंट, डॉलरलाही चार कमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनं चलनासाठी हे नाणं पाडणं बंद केलं, पण लोकांच्या बरण्यांत अजून रग्गड पडलेत.

खिडक्या हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण, आणि नेमकं तेच लोक उडवतात. कितीही सुंदर लाकूडकाम केलं तरी खिडकीच्या चौकटीमागून उतरलेला ओघळ ते दोन पावसाळ्यांत कुजवतो. प्रत्येक खिडकीचे स्क्रू आतून काढायचे, चौकट बाहेर ओढायची, जुनं वाळकं सीलंट खरवडायचं, अल्कोहोलनं पुसायचं. मग चौकटीच्या पट्टीला ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून ती परत बसवायची आणि बाहेरच्या सांध्यावर पॉलियुरेथेन ओढायचं. सिलिकॉन वापरू नये. त्यावर रंग धरत नाही, आणि पुढे गळलं तर जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच नीट चिकटत नाही. खिडकीच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक छिद्रं असतात. उत्साहाच्या भरात तीही बुजवणारे लोक आहेत. त्यांच्या खिडकीत मग तळं साचतं. शेवटी एकानं बाहेरून होजपाइप धरायचा, एकानं आत टॉर्च. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही.

मधेच एके दिवशी बस सुरूच होत नाही. बॅटरी ठीक, डिझेल आहे, चावी फिरवली की फक्त भोंगा. कारण बहुधा एवढंच असतं की कुणीतरी मागच्या दाराला आतून कडी घातली. संकटकाळचं दार बंद असताना मुलं घेऊन गाडी निघू नये, म्हणून नियमानंच स्टार्टरची वायर त्या कडीतून फिरवलेली असते. म्हणून एकही वायर चिठ्ठी लावल्याशिवाय कापू नये.

पाणी बाहेरूनच येतं असंही नाही. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ सोडतात, आणि ती थंड पत्र्यावर जाऊन बसते. फळ्यांच्या मधे कितीही जाड इन्शुलेशन भरा, छताच्या पोलादी बरगड्या उघड्या राहिल्या तर पहाटे नेमक्या त्याच रेषांवर थेंब लोंबतात. म्हणून बरगड्यांवरूनही फोमची पट्टी जायला हवी. फवारायचा फोम थंड पत्र्यावर मारला तर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. पत्रा कोमट असेल असा दिवस निवडावा. या सगळ्यात डोक्यावरची सात-आठ सेंटिमीटर जागा जाते. आतली उंची मुळात सहा फूट असेल तर उंच माणसानं सौदा करण्याआधी हे मोजावं. छत कापून वर उचलणारेही असतात, पण तो वेगळाच उद्योग.

टाक्या आणि वीज थोडक्यात. १०० गॅलन पाणी म्हणजे ३७८ किलो. ती टाकी मागच्या आसाजवळ, मधोमध. १२ व्होल्टवर २००० वॅट ओढले तर १६७ अँपिअर वाहतात, म्हणून तारा अंगठ्याएवढ्या जाड आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते, तेव्हा तिची जागा उबेत.

रंगाचा मान १९३९ पासूनचा. त्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत हा पिवळा ठरला. शाळेची नोकरी संपली की अनेक राज्यांत तो उतरवावाच लागतो, सोबत लाल लुकलुकणारे दिवे आणि बसच्या कुशीतून बाहेर येणारा ‘थांबा’ पाटीचा हातही. नोंदणी ‘बस’वरून ‘मोटरहोम’ करताना पलंग, शेगडी, पाणी, संडास अशा वस्तू पक्क्या बसवलेल्या दाखवाव्या लागतात. यादी राज्यागणिक बदलते.

मराठी स्वयंपाक होणार असेल तर एक जादा सूचना: फोडणी. मोहरी-मिरचीचा धूर एवढ्याशा नळकांड्यात एका मिनिटात भरतो आणि धुराचा अलार्म बोंब मारतो. शेगडीच्या जवळ छतात ३५ सेंटिमीटरचा बाहेर फेकणारा पंखा हवा. गॅसचा अलार्म मात्र जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो.

पलंग जवळपास सगळेच मागे बांधतात, आणि मग मागचं दार फळीनं झाकायचा विचार येतो. ते करू नये. आग लागली तर ती शेगडीपाशी लागणार, म्हणजे झोपलेला माणूस आणि पुढचं दार यांच्या मधे. पलंगाची फळी दाराच्या दांड्याखाली राहील एवढीच उंच धरावी, आणि आडवं पडल्या पडल्या दांड्याला हात पोचतो का ते अंधारात करून बघावं. स्टार्टरची वायर सोडवली तरी चालेल. त्या दाराचा भोंगा काढू नये.