हे वापरायची ही वेळ नव्हे

माझ्या फॅनफिकचं, म्हणजे चाहत्याने आवडत्या खेळा-पुस्तकावर रचलेल्या गोष्टीचं, पहिलं वाक्य होतं, 'सृष्टीच्या आरंभी अंधार होता, आणि अंधारात एक शंख होता.' ते लिहून मी स्वतःवरच इतकी खूश झाले की पुढचे तीन आठवडे त्याच थाटात लिहीत गेले. सात अध्याय झाले. त्यातलं एकही वाक्य आज शिल्लक नाही.

विषय होता हेलिक्सचा पंथ. ज्यांनी तो गोंधळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १२ फेब्रुवारी २०१४ ला एका निनावी प्रोग्रॅमरने ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर 'पोकेमॉन रेड' हा व्हिडिओ गेम चालू केला आणि बटणं चॅटच्या ताब्यात दिली. चॅटमध्ये 'लेफ्ट' लिहिलं की पात्र डावीकडे जाणार, 'ए' लिहिलं की ए दाबलं जाणार. कल्पना एवढीच. पण गर्दीच्या वेळी एक लाखाच्या वर लोक एकदम जमलेले, आणि चित्र काही सेकंद उशिरा दिसायचं. आपण जे बघून 'लेफ्ट' म्हणायचो ते केव्हाच होऊन गेलेलं असायचं. खेळाचा नायक, बिचारा रेड, कोपऱ्यात गोल गोल फिरायचा. त्या खेळात छोट्या कड्यावरून खाली उडी मारता येते, वर चढता येत नाही, त्यामुळे कोणा एकाच्या 'डाउन'ने सगळ्यांची मेहनत पाण्यात जायची. तरी १ मार्चला, सोळा दिवसांनी, खेळ खरोखर संपला. भाग घेणाऱ्यांचा आकडा ११ लाख ६० हजारांच्या पुढे गेला होता. त्यात मी एक. माझं योगदान म्हणजे असंख्य वेळा 'लेफ्ट', आणि त्यातला एक तरी लागू पडला असेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

या धांदलीत देव कुठून आला? माउंट मूनच्या गुहेत दोन जीवाश्म असतात, डोम आणि हेलिक्स (माझ्या पोथीतला शंख तो हाच). एकच घेता येतो. गर्दीच्या हाती हेलिक्स लागला. पुढे कोणीतरी सतत 'स्टार्ट' दाबत राहायचं, मेनू उघडायचा, पिशवी उघडायची, आणि भर लढाईत रेड तो दगड बाहेर काढायचा. खेळ दर वेळी तेच उत्तर देतो: खेळातले प्रोफेसर ओक म्हणतात, रेड, हे वापरायची ही वेळ नव्हे! बाकीच्या बऱ्याच वस्तू चुकून फेकल्या गेल्या, पण जीवाश्म ही खेळाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू, ती टाकताच येत नाही. म्हणून तो दगड उरला. लोक म्हणाले, रेड कौल लावतोय. 'प्रेज हेलिक्स'चा जयजयकार सुरू झाला आणि दोन-तीन दिवसांत चित्रं, वचनं, पाखंडी, हुतात्मे, सगळा संसार उभा राहिला.

मला नेमकं हेच लिहायचं होतं आणि नेमकं हेच मी लिहिलं नव्हतं. माझ्या सात अध्यायांत विश्वाची उत्पत्ती होती, शंखाच्या वेटोळ्यांचा गूढार्थ होता, डोम आणि हेलिक्स यांचं आदिम युद्ध होतं. फॅनफिकच्या जगात टाकण्याआधी दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून घालायची पद्धत आहे, त्या वाचणाऱ्याला बीटा म्हणतात. माझी बीटा म्हणजे त्याच गर्दीतली जुनी मैत्रीण. तिने दोन अध्याय वाचून निरोप पाठवला: "अगं, हे वाचून हात जोडावेसे वाटतात. हसू कुठंय? आणि यात बटण कुठंय?"

मी दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी कळलं, ती अगदी बरोबर बोलतेय.

मग मी कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे, प्रत्यक्षात कुठलं बटण दाबलं गेलं. उजवीकडे, भक्तांनी त्याचा काय अर्थ लावला. डावा रकाना रिकामा असेल ती घटना पोथीत येणार नाही, असा नियम केला. विश्वाची उत्पत्ती पहिल्याच फटक्यात उडाली. आदिम युद्धही गेलं. जे उरलं त्यात मात्र जीव होता. उदाहरणार्थ फ्लेरिऑनची गोष्ट. गर्दीला पाण्यावरून जायचं होतं, म्हणून ईव्ही या पोकेमॉनसाठी, म्हणजे खेळात पकडून पाळायच्या प्राण्यासाठी, वॉटर स्टोन घ्यायचा बेत होता, की तिचा व्हेपोरिऑन होईल आणि तो सर्फ शिकेल. दुकानात बोटं घसरली आणि फायर स्टोन विकत घेतला गेला. ईव्हीचा झाला फ्लेरिऑन, पाण्याच्या कामाचा शून्य. त्याला खेळातल्या संगणकात ठेवून द्यायच्या खटपटीत चुकीचा पर्याय दाबला गेला आणि सुरुवातीपासूनचा सोबती, ज्याला सगळे ॲबी म्हणायचे तो चार्मेलिऑन, कायमचा सोडून दिला गेला. सोबत एक रॅटाटाही. खेळात सोडलेला पोकेमॉन परत येत नाही. लोक खरंच हळहळले, आणि सगळं खापर फ्लेरिऑनच्या डोक्यावर फुटलं. त्याचं नाव पडलं 'खोटा प्रेषित'.

डाव्या रकान्यात मी लिहिलं: ए, डाउन, ए. उजव्यात: विश्वासघात.

त्या दोन रकान्यांकडे बघताना निवेदक सापडला. गोष्ट फ्लेरिऑननेच सांगायची. नव्या मसुद्याची सुरुवात अशी झाली: 'मी पाणी व्हायला निघालो होतो. कोणीतरी आग विकत घेतली.' बीटाने यावर नुसता एक हसणारा आणि एक रडणारा चेहरा पाठवला. पुढचं लिखाण दहा दिवसांत उरकलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसले आणि लिहिलं.

भाषेने मात्र घाम काढला. हे सगळं मूळ इंग्रजीतलं, आणि मला पोथीची ऐट हवी होती. साध्या गद्यात ती येईना म्हणून प्रत्येक अध्यायाच्या तोंडी एक ओवी घालायचं ठरवलं. पहिले तीन चरण यमकाचे, चौथा आखूड आणि मोकळा. विनोदाला हा साचा फार सोयीचा आहे हे तेव्हा कळलं. तीन चरणांत भारदस्त चढण, चौथ्यात पाय घसरतो. एक नमुना:

डावे म्हणता उजवे गेला ।
उजवे म्हणता भिंतीस अडला ।
अंती पिशवीत हात घातला ।
तेथे तो शंख ॥

शेवटी फलश्रुतीही लिहिली: ही पोथी जो नित्य वाचेल त्याच्या हातून 'डाउन' दाबलं जाणार नाही.

'शंख' या शब्दावरून आमचं चांगलंच वाजलं. हेलिक्समधून निघणारा ओमनाइट हा पोकेमॉन अमोनाइट या प्राचीन समुद्री जीवावर बेतलेला आहे, आणि अमोनाइटच्या जीवाश्माला आपल्याकडे आधीच एक शब्द आहे, शाळिग्राम. मला तो सापडला तेव्हा घबाड मिळाल्यासारखं वाटलं. इतका चपखल शब्द! बीटा म्हणाली, "चपखल आहे म्हणूनच नको. आत्तापर्यंत तू चॅटची चेष्टा करतेयस. तो शब्द आला की वाचणाऱ्याला वाटेल, तू दुसऱ्याच कोणाची करतेयस." मी वाद घातला. मूळ गर्दीने पिजॉटला 'बर्ड जीझस' म्हटलंच होतं की! पण ते नाव लाडाचं होतं, सतत लढाया जिंकून देणाऱ्या पक्ष्याला दिलेलं. माझा शब्द नुसता चलाखीचा होता. काढून टाकला. अजून थोडी चुटपुट आहे, खोटं कशाला सांगू.

डोमपंथीयांचं प्रकरण लिहिताना एक कबुली द्यावी लागली. खेळातल्या 'रॉकेट' या गुंडांच्या टोळीच्या तळघरातल्या फिरत्या फरश्यांमध्ये गर्दी पार अडकली तेव्हा खेळात 'डेमोक्रसी' आणली गेली. ठरावीक वेळात ज्या कमांडला जास्त मतं तीच चालणार. आधीचा बेबंद कारभार म्हणजे 'अनार्की'. हेलिक्सवाल्यांनी डेमोक्रसी हे डोमचं कारस्थान ठरवलं आणि निषेध म्हणून 'स्टार्ट९' लिहीत सुटले, म्हणजे मेनू नऊ वेळा उघडा आणि बंद करा, खेळ जागचा हलता कामा नये. पंथाच्या नजरेने बघितलं तर हेच खरे भक्त. मी मात्र त्या दिवशी गुपचूप डेमोक्रसीला मत दिलं होतं. फ्लेरिऑनच्या तोंडी ते घालून मोकळी झाले.

गोष्ट टाकायची होती 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'वर. २००९ पासून खुलं असलेलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं हे फॅनफिकचं भांडार, २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कारही मिळालेलं. खात्यासाठी आमंत्रणाच्या रांगेत थांबले. फॉर्म भरताना एका जागी हात थबकला. तिथे वाचकांसाठी सूचना निवडावी लागते आणि त्यातली एक आहे 'मुख्य पात्राचा मृत्यू'. ॲबी मेला की नाही? खेळाच्या भाषेत तो फक्त सोडून दिला गेला. गर्दीच्या भाषेत तो हुतात्मा. २३ फेब्रुवारीला, संगणकातून झॅपडॉस बाहेर काढण्याच्या नादात, आणखी १२ पोकेमॉन असेच सुटले होते, आणि त्या रविवारला 'ब्लडी संडे' असं नाव आहे. तब्बल वीस मिनिटं मी त्या एका चौकटीपाशी बसले होते. शेवटी 'लेखक सूचना देऊ इच्छित नाही' हा पर्याय निवडला. भित्रेपणा होता, पण फ्लेरिऑननेही तेच केलं असतं.

सहा दिवस काहीच हललं नाही. बीटाने ठोकलेला एक कुडो, म्हणजे 'आवडलं'ची खूण, बस्स. सातव्या दिवशी कोणी अनोळखी येऊन फलश्रुतीखाली फक्त 'डाउन' लिहून गेलं. तासाभरात दुसऱ्याने 'स्टार्ट९' लिहिलं. मग 'बी', 'ए', 'अप', पुन्हा 'डाउन'.

मी खाली जाऊन 'लेफ्ट' लिहिलं.