मधलं नाव

‘अर्जात तुमच्या मधल्या नावाच्या जागी चुकून सहकर्जदाराचं पहिलं नाव पडलं आहे, दुरुस्त करून पाठवा.’ घराच्या रीफायनान्ससाठी कागद गोळा करत असताना लोन प्रोसेसरचा हा ईमेल आला आणि माझं डोकंच फिरलं. चुकून नाही पडलेलं! लग्न झाल्यापासून ते तिथेच आहे. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. साताऱ्यात रेशनकार्डापासून पासबुकापर्यंत यात कुणालाच काही खटकलं नव्हतं.

रीफायनान्स म्हणजे आपल्याकडचं बॅलन्स ट्रान्सफर, पण इथे अमेरिकेत त्याची गरज जास्त पडते. भारतात बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची असतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) जूनपर्यंत साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला आणि भावाच्या कर्जाचा दर त्याने काही न करता उतरला. इथे न्यू जर्सीत आमचं कर्ज तीस वर्षांच्या फिक्स्ड दराचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतला सरासरी दर पावणेआठच्या वर गेला होता आणि नेमकं तेव्हाच आम्ही घर घेतलं. २०२५ च्या शरदात तो सव्वासहाच्या आसपास आला. पण उतरलेला दर आपोआप मिळत नाही. नवं कर्ज काढायचं, त्यातून जुनं फेडायचं, म्हणजे सगळी कागदपत्रं पहिल्यापासून.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “फेडायचं सोडून पुन्हा कर्ज कशाला?” त्यांनी निवृत्तीच्या वेळी फंडातून घराचं कर्ज एका दमात संपवलं होतं, त्यामुळे त्यांना हे पटणं अवघडच. पण आम्ही एक डॉलरही जास्तीचा उचललेला नाही. हप्ता कमी होईल, वाचलेले पैसे मुद्दलातच भरणार आहोत. हौस म्हणून कुणी हे करत नाही, हे मला त्यांना आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगायचं आहे.

कागदांची यादी मोठी असली तरी मला त्याचा राग नाही. दोघांच्या महिन्याभराच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या), दोन वर्षांचे डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले), टॅक्स रिटर्न, आयआरएसकडून, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडून रिटर्नचा उतारा मागवायला परवानगी देणारा ४५०६-सी फॉर्म, घराच्या विम्याचं डिक्लेरेशन पेज, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचं मंजुरीपत्र आय-७९७. बँकेची स्टेटमेंटं दोन महिन्यांची आणि सगळी पानं. सहातलं सहावं पान कोरं असलं तरी तेही द्यायचं, कारण पाच पानं दिली की सहाव्यावर काय लपवलं हा प्रश्न येतो. यात शिस्त आहे. जे मागायचं ते आधीच लिहून देतात, ‘उद्या साहेब आले की बघू’ असं कुणी सांगत नाही.

खरा त्रास नावाचा. पे-स्टबवर फक्त माझं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी, म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सवर ती दोन्ही मिळून माझं पहिलं नाव झालेलं. पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं ते विद्यार्थिनी असताना, त्यामुळे क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, अजून बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव येतं. कागद तपासून कर्ज मंजूर करणाऱ्या अंडररायटरला या सगळ्या बायका वेगवेगळ्या वाटल्या. लेखी खुलासा मागितला. दिला. पुरावा मागितला. लग्ननोंदणीचा दाखला पाठवला, तर उत्तर आलं की यावर माहेरचं नाव आहे, सासरचं कुठे आहे? शेवटी आईने कपाटातली फाइल काढली आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. जुने नाव, नवीन नाव, दोन्ही एकाखाली एक छापलेली. पान मराठीत, म्हणून प्रमाणित भाषांतर करून घेतलं आणि तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

इथल्या लोकांना मधलं नाव म्हणजे एखादं आद्याक्षर, असलं तर असलं. आपल्याकडे त्यात माणूस कुणाचा हे कळतं. ती पद्धत मला आवडते आणि ती चूक ठरवायचा अधिकार कुठल्याही फॉर्मला नाही. पण ईमेलला उत्तर लिहिता लिहिता एक गोष्ट सलत राहिली. नवऱ्याचे सगळे कागद एका फेरीत पास झाले. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव, तेच डब्ल्यू-टूवर. बदललं ते माझं, मधलंही आणि शेवटचंही. याचा दोष अमेरिकेला देता येत नाही.

क्लोजिंगला, म्हणजे शेवटच्या सह्यांना, नोटरी बाई घरीच आल्या. जेवणाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा, सह्या निळ्या शाईने. त्यात एक नावांचं प्रतिज्ञापत्र होतं: रिपोर्टमध्ये सापडलेलं प्रत्येक नाव वेगळ्या ओळीत, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं वर लिहिलेलं, आणि प्रत्येक नावापुढे त्याच नावाने सही. माहेरच्या नावाची सही मी कित्येक वर्षांत केली नव्हती. बाबांचं नाव लिहिताना हात अडखळला, ‘आर’ आधीसारखा येईना. नोटरी बाईंनी घाई केली नाही. शेजारच्या कागदावर आधी लिहून बघा म्हणाल्या.

एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक. राहत्या घराचं रीफायनान्स दुसऱ्या कंपनीकडे केलं तर सही झाल्यावरही तीन कामकाजाचे दिवस मिळतात. तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कारण न देता करार रद्द करता येतो. शनिवार धरतात, रविवार नाही. कायदा १९६८ चा, आणि रद्द कसं करायचं याची नोटीस कर्ज देणाराच हातात ठेवतो. ‘सही केलीत, आता काय’ हे वाक्य तिथे चालत नाही. आपल्याकडेही काहीच नाही असं कुणी समजू नये. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बाबांच्या वेळी तो असता तर त्यांच्या बऱ्याच चकरा वाचल्या असत्या.

आता माझी आतेबहीण जानेवारीत लग्न करून इकडे येते आहे. तिला मी फोनवर सांगितलं: पासपोर्टवर कोणतं नाव ठेवायचं ते विमानात बसायच्या आधी ठरव, आणि सोशल सिक्युरिटी, बँक, नोकरी सगळीकडे तेच, त्याच स्पेलिंगने लाव. नाव बदललंस तर राजपत्राचं पान आणि त्याचं इंग्रजी भाषांतर बॅगेत टाक. आणि बदलायचं नसेल तर बदलू नकोस, आत्याशी मी बोलते.