नाव नसलेली उत्तरपत्रिका

मी जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखू नियंत्रण कक्षात समुपदेशक आहे. शाळांमधल्या १३ ते १५ वयाच्या मुलांकडून तंबाखूविषयीची प्रश्नावली भरून घेणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. आमची प्रश्नावली जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या धर्तीवर बेतलेली असते. भारतात त्या सर्वेक्षणाची चौथी फेरी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये घेतली. तेव्हा या वयोगटातली ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते, आणि विडी पहिल्यांदा ओढण्याचे मध्यक वय (विडी ओढून पाहिलेल्यांपैकी निम्म्यांनी ज्याच्या आतच सुरुवात केली ते वय) होते १०.५ वर्षे. म्हणजे आपण नववीच्या वर्गात जाऊन व्यसनाचे दुष्परिणाम सांगतो तेव्हा काही मुलांचा पहिला झुरका पाचवीतच घेऊन झालेला असतो.

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका शाळेतला तो दिवस मी विसरू शकत नाही. वर्गशिक्षक मुलांना शिस्त लावायची म्हणून फळ्याजवळ उभे होते. मी त्यांना बाहेर थांबण्याची विनंती केली, ती त्यांना रुचली नाही, पण ते गेले. मग मुलांना सांगितले की कागदावर नाव, हजेरी क्रमांक, काहीही लिहायचे नाही. दोन मिनिटे कोणी पेन्सिल उचलली नाही. शेवटच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मॅडम, अक्षरावरून सर ओळखतील ना?" लिहायचे काहीच नाही, फक्त बरोबरची खूण करायची आहे, आणि कागद तुम्ही स्वतः या पाकिटात टाकून ते डिंकाने बंद करायचे आहे, असे मी समजावले, तेव्हा कुठे माना खाली गेल्या. थोड्या वेळाने त्या मुलाने खुणा केलेला भाग खोडरबराने पुसला आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. पहिल्या वेळी त्याने काय उत्तरे दिली होती हे मला कळले नाही, पण सर्वेक्षणातला आकडा खरा की खोटा हे त्या खोडण्यातच ठरत असते, असे मला वाटते.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी पाकीट मागितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कोणती मुले विडी ओढतात हे कळले तर त्यांच्या पालकांना बोलावता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. "सर, आज ही नावे शोधली तर पुढच्या वर्षी मला कोरी पत्रिका मिळेल, आणि तुमच्या शाळेत तंबाखू नाही असा अहवाल जाईल," असे मी त्यांना सांगितले. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी संपूर्ण वर्गाची एकत्रित आकडेवारी तेवढी द्यायची, यावर ते राजी झाले.

त्या एकत्रित आकडेवारीतली एक गोष्ट आम्हा दोघांनाही चटका लावणारी होती. विडी, सिगारेट किंवा तंबाखूची पुडी कुठून मिळते, या प्रश्नावर बहुतेक मुलांनी "घरातल्या मोठ्या माणसांसाठी दुकानातून आणताना" या पर्यायावर खूण केली होती, आणि दुकानदाराने वयामुळे कधी नकार दिला का, यावर जवळजवळ सगळ्यांचे उत्तर "नाही" होते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, मग तो मुलगा वडिलांचे नाव सांगो की आजोबांचे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर अशी विक्रीच चालत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी मुलांना दटावण्याऐवजी पालकसभा बोलावली आणि दुकानदारांनाही तिथे बसवले. मुलाला विडी आणायला पाठवू नका, एवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली. एक आजोबा उठून म्हणाले, "आमाला कुटं ठाऊक, पोरगं वाटंत एखादी काढून घेतंय म्हणून." ते मनापासून बोलत होते.

पुढच्या वर्षीच्या पत्रिकांत दुकानातून आणण्याचे प्रमाण कमी दिसले. घरात कोणी तुमच्यासमोर धूम्रपान करते का, याची उत्तरे मात्र जवळपास तशीच राहिली. पालकसभेने जे बदलले नाही ते घरात जाऊन बदलावे लागेल, आणि ते काम जास्त अवघड आहे.

अजून एक गोष्ट मला सतत सलते. दोन्ही सर्वेक्षणे हिवाळ्यात झाली होती. हजेरीपटावर नावे असलेली काही मुले तेव्हा वर्गात नव्हती, ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेली होती. पहाटेच्या थंडीत फडावर पेटलेल्या विड्यांच्या सोबतीने दिवस काढणारी हीच मुले आमच्या आकड्यांत कुठेच नाहीत. यंदा प्रश्नावली जुलैत, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायच्या आधी घ्यावी, असा प्रस्ताव मी कार्यालयाकडे दिला आहे, आणि मुख्याध्यापकांनी त्यावर आपली शिफारस जोडली आहे.