टॉवर स्टेशनजवळ बांधा, नदीकाठी नको

बदलापुरात सध्या कुठेही बघा, एकतर चार मजल्यांची जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय नाहीतर भातशेतीच्या जागी टॉवरचा बोर्ड लागलाय. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर मिळून लाखाच्या आत होतं, 2011 ला पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं, त्यानंतर किती वाढलं ते सकाळच्या लोकलला उभं राहिलं की कळतंच.

डिसेंबर 2020 ला यूडीसीपीआर आलं आणि मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. त्यात बेसिक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, 1.1 दिसतो, पण तेवढ्यावर थांबत नाही, घरांसाठी 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी म्हणजे पूरक एफएसआय धरला तर तिथेच 1.76 होतो, शिवाय प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकामाचे हक्क) घेऊन अजून चढतो, आणि रस्ता जितका रुंद तितकी परवानगी जास्त.

माझं म्हणणं एवढंच की ही उंची स्टेशनच्या आसपास यायला हवी. नोकरी ठाण्याला किंवा मुंबईला असणाऱ्या माणसाला परवडणारं घर चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं तर त्यात वाईट काय आहे, उलट रिक्षाची रांग कमी होईल. लोकं टॉवर म्हटलं की लगेच विरोधात जातात, मला ते अजिबात पटत नाही.

पण उल्हास नदीच्या बाजूला? 26 जुलै 2005 चा पूर आठवा. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. हेंद्रेपाडा, वालिवली या नदीकाठच्या भागातल्या लोकांना हे सांगायची गरजच नाही. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, या दोन रेषांच्या मधे जोतं उंच करून वगैरे बांधकामाला परवानगी मिळू शकते. बिल्डिंग कोरडी राहील हो, पण भराव टाकल्यावर तिथलं पाणी जाणार कुठे, शेजारच्या बैठ्या चाळीतच ना!

आणि ग्रीन झोनचा (शेतीचा) यलो झोन (रहिवासी) होतो तो काही एका रात्रीत होत नाही. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना निघते, हरकती-सूचनांसाठी एक महिना असतो. पेपरात कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली ती जाहिरात कोणी वाचत नाही आणि मग प्लॉटभोवती पत्रे ठोकले की सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरडा सुरू होतो. नदीच्या बाजूचा सर्व्हे नंबर दिसला तर प्लीज हरकत घ्या, साध्या कागदावर मराठीत लिहा, जागा पूररेषेच्या आत आहे का ते नकाशावर बघून तसं स्पष्ट लिहा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.