दुखऱ्या अकिलिसला नुसती विश्रांती पुरत नाही

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं टाच जखडल्यासारखी वाटते, चालता चालता मोकळी होते आणि धावायला लागल्यावर दुसऱ्या किलोमीटरपर्यंत दुखणं जवळजवळ गायब. म्हणून माणूस धावत राहतो. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी म्हणजे अकिलिस टेंडन. ते असंच फसवतं. धावताना गप्प बसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वसुली करतं.

यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे दोन आठवडे पूर्ण सुट्टी. दुखणं थांबतं, मग तोच जुना पेस (धावण्याचा वेग), तेच जुनं अंतर आणि चार दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. विश्रांतीने टेंडन शांत होतं, पण ताकदवान होत नाही. उलट पोटरीसकट थोडं अशक्तच होतं. धावताना प्रत्येक पावलाला त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. तो पेलायची सवय ताण देऊनच लागते, फक्त तो मोजूनमापून द्यावा लागतो.

आधी दुखतंय कुठे ते पाहा. टेंडन चिमटीत धरून खालून वर दाबत जा. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखलं तर मधल्या भागाचं दुखणं. टेंडन हाडाला चिकटतं तिथेच दुखलं तर प्रकरण वेगळं, आणि व्यायामही थोडा वेगळा.

मधल्या भागासाठी स्वीडनचे हाडांचे सर्जन हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला क्रम अजूनही पाया मानला जातो. पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, टाचा हवेत. दोन्ही पायांवर उचला, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्या. वर येताना पुन्हा चांगल्या पायाची मदत. १५ वेळा, असे ३ सेट गुडघा सरळ ठेवून आणि ३ सेट गुडघा किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. वाकवलेल्या गुडघ्याचे सेट बरेच जण गाळतात. तेच गाळू नयेत, कारण पोटरीच्या खोलातल्या सोलियस स्नायूवर खरा भार तेव्हाच येतो आणि धावताना सगळ्यात जास्त राबतो तो हाच.

रोज १८० वेळा हे करणं कंटाळवाणं आहे, यात वाद नाही. वजन वाढवून, सावकाश, आठवड्यातून तीनदा केलेल्या व्यायामालाही तितकंच यश मिळतं. नोकरीधंदा सांभाळून धावणाऱ्याला मी तोच सुचवेन. चुका ठरलेल्या आहेत: टाच धपकन सोडणं (खाली जायला निदान ३ सेकंद घ्या), घोटा बाहेर कलून भार करंगळीकडे जाणं, आणि १५ वेळा सहज जमायला लागल्यावरही पाठीवरच्या सॅकमध्ये वजन न वाढवणं.

टाचेच्या हाडापाशी दुखत असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवर करा. टाच खाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि तिथे तोच दाब जाचतो. पोटरीचं जोरदार स्ट्रेचिंगही याच कारणाने तिथे अंगाशी येतं. दोन्ही बुटांत टाचेखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीची गादी घातली की बराच आराम पडतो.

व्यायाम करताना दुखणं १० पैकी ५ पर्यंत गेलं तरी चालतं, अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी टाच कालच्यापेक्षा जास्त जखडलेली नको. रोज उठल्यावर एका पायावर टाच दहादा उचला आणि दुखण्याचा आकडा लिहून ठेवा. वेदनाशामक गोळी घेऊन धावलात तर हा आकडा खोटा येतो.

आता दमाची काळजी. सराव पूर्ण थांबवलेल्या तयार खेळाडूंची व्हीओटू मॅक्स (जास्तीत जास्त मेहनतीत शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते माप) पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्के घसरल्याचं मोजलं गेलंय. ५६ दिवसांनी घट १६ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे दोन आठवड्यांत आभाळ कोसळत नाही. सायकल चालवा, पण पेडल चवड्याखाली न ठेवता तळव्याच्या मध्याखाली ठेवा आणि उभं राहून चालवू नका. पोटरीवरचा भार कमी होतो. खोल पाण्यात कमरेला पट्टा बांधून धावणं धावण्याच्या सगळ्यात जवळचं. तिथे तेवढ्याच मेहनतीला हृदयाचे ठोके कमी दिसतात, म्हणून घड्याळाच्या नादी लागू नका, धाप लागण्यावरून जोर ठरवा. ५० मिनिटांच्या रनच्या जागी ५० मिनिटं, इतकं सोपं ठेवा.

खरा घोटाळा इथेच होतो. सायकलने दम टिकलेला असतो, त्यामुळे परतल्यावर श्वास लागत नाही आणि पेस आपसूक वाढतो. टेंडन मात्र मागेच राहिलेलं असतं.

परतण्याआधी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: ३० मिनिटं भराभर चालणं, दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतक्याच वेळा टाच उचलणं आणि एका पायावर दहा उड्या, तेही दुसऱ्या सकाळी तक्रार न येता. मग १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, एक दिवसाआड. दिवस मध्ये सोडायचा कारण ताणानंतर साधारण पहिला दीड दिवस टेंडनमधलं कोलॅजेन (ज्या प्रथिनाच्या धाग्यांनी ते बनतं ते) बनण्यापेक्षा जास्त झिजतं. रस्ता सपाट हवा. चढ आणि इंटरव्हल (मध्ये थांबे घेत जोरात धावण्याचे तुकडे) सगळ्यात शेवटी, आणि वेग व अंतर एकाच आठवड्यात वाढवू नका.

काही लक्षणांत हे काहीच लागू नाही. टाचेमागे कोणीतरी मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर टेंडन तुटलं असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटरी सुजून गरम झाली तरी तसंच, कारण रक्ताची गुठळी असू शकते. सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लेव्होफ्लोक्सासिन घेत असाल किंवा नुकतंच घेतलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, या गटातली अँटिबायोटिक्स टेंडनला इजा करू शकतात.

मध्येच एखाद्या सकाळी आकडा वाढलेला दिसला, तर पुढचं धावणं एक दिवस पुढे ढकला आणि एक टप्पा मागे या. पुन्हा पूर्ण सुट्टीवर जाऊ नका. सगळं सुरळीत झाल्यावरही टाच उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचाच आहे, सीझनभर, लाँग रनच्या आदल्या दिवशी सोडून.