रेश्माच्या रूटचा गुंता सुटला: बिल्ड 0.6

आपल्या कोल्हापुरातल्या गेमच्या नव्या बिल्डमध्ये (आवृत्तीत) रेश्मा हे पात्र फक्त मुलींच्याच प्रेमात पडतं, तरीही मुलगा निवडून खेळणाऱ्याचा रूट, म्हणजे तिच्यासोबतचा कथेचा रस्ता, मधेच मरत नाही. मागच्या बिल्डचं घोडं इथेच अडलं होतं.

जुनी रचना म्हणजे पात्रागणिक एकच ‘जवळीक’ काउंटर. भेटवस्तूला +5, 40 ला फ्लर्टचा पर्याय, 60 ला रंकाळ्यावरचा सीन. पात्रं मुलगा-मुलगी सगळ्यांना प्रेमासाठी खुली होती तोवर हे चाललं. रेश्माचा कल ठरवल्याबरोबर मुलगा-खेळाडू 60 वर पोचायचा आणि पुढे शुकशुकाट. टेस्टरांनी तो बग समजला, आणि ते बरोबरच होतं. आकडा वाढताना दाखवला की त्याचं काहीतरी फळ द्यावंच लागतं. फ्लर्टचा पर्याय लपवला तर आणखी वाईट. आपलं काहीतरी हुकलंय असं समजून लोक जुन्या सेव्हवर जाऊन तेच सीन पुन्हा खेळत बसले.

आता ‘दोस्ती’ आणि ‘ओढ’ असे दोन काउंटर आहेत. फ्लर्टचा पर्याय सगळ्यांना दिसतो, आणि तोही लवकर, दोस्ती 15 लाच. सराव संपल्यावर शाहू स्टेडियमच्या रिकाम्या गॅलरीत ग्लोव्हज काढता काढता रेश्मा मुलाला सांगते, ‘‘भावा, मला पोरी आवडत्यात. कुणाला सांगू नगस.’’ तिने विश्वास टाकला म्हणून दोस्ती +10, ओढ कायमची बंद, आणि गोलकीपिंगचा एक सीन उघडतो जो प्रेमाच्या रूटमध्ये नाहीच. हा सीन या बिल्डमधला सगळ्यात जमलेला आहे. सायबरपंक 2077 या गेममध्ये पॅनम हे पात्र बाई-व्हीला (व्ही म्हणजे खेळाडूचं पात्र) नकार देते आणि मैत्री पुढे चालू राहते, ते याच कारणाने पटतं.

जुन्या सेव्हबद्दल: ‘डिफॉल्ट’ने लिहिलेलं नवं व्हेरिएबल रेनपाय (गेम ज्यात बनवलाय ते इंजिन) जुनी सेव्ह उघडताना सुरुवातीच्या किमतीवर आणतं. म्हणून जुनी जवळीक ‘आफ्टर_लोड’ लेबलात (सेव्ह उघडल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) दोस्तीत भरावी लागते. सोबत एक फ्लॅग ठेवा, नाहीतर दर लोडला दोस्ती पुन्हा जुन्या आकड्यावर जाते.

कल ठरवायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ड्रॅगन एज 2 (2011) मधले चार साथी दोघांनाही खुले होते, बाल्डर्स गेट 3 (2023) मध्येही तसंच, आणि खेळणाऱ्याला तिथे मोकळीक भरपूर मिळते. पण ड्रॅगन एज: इन्क्विझिशन (2014) मधल्या डोरियनचं बापाशी भांडण त्याला पुरुषच आवडतात यावर उभं आहे. तो सगळ्यांना खुला केला की ते भांडणच उरत नाही. स्टारड्यू व्हॅली या गेममध्ये लेआच्या जुन्या जोडीदाराचं लिंग खेळाडूप्रमाणे बदलतं. सोय झाली, पण तिचा भूतकाळ पातळ झाला. रेश्माची गोष्ट 2018 ची आहे. 6 सप्टेंबरला कलम 377 चा निकाल (समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा), 13 ला गणपती. त्या मधल्या आठवड्यात ती मंडळाच्या मांडवात आईशी बोलते. हे सगळं तिच्या कलावर उभं आहे. गेममधल्या दुसऱ्या पात्राचं, सर्जेरावचं, तसं नाही, म्हणून तो खुलाच राहील. मात्र त्याची जुनी दोन प्रेमं, एक मुलगा आणि एक मुलगी, कुणीही खेळलं तरी तीच राहतील.

पात्र खुलं ठेवणं स्वस्त पडतं हे इंग्रजीत. आपल्याकडे सर्जेरावच्या प्रत्येक ओळीत ‘आलास’ की ‘आलीस’, ‘एकटा’ की ‘एकटी’ हे बघावं लागतं. त्यासाठी चौकोनी कंसातली व्हेरिएबल वापरा आणि अख्ख्या शब्दांच्या जोड्या ठेवा. नुसता प्रत्यय तोडून ठेवला की स्क्रिप्ट वाचवत नाही आणि शब्द शोधूनही सापडत नाही.

हे लिहिताना एक सुचलं. कोल्हापूरच्या पोरी ‘मी आलो, मी जातो’ असंच म्हणतात. म्हणजे खेळाडूची स्वतःची वाक्यं कोल्हापुरीत लिहिली तर बहुतेक ठिकाणी मुलगा-मुलगी असे वेगळे फाटे लागतच नाहीत! त्यात आडवा येतो तो सुरुवातीला खेळाडूचं पात्र निवडतानाचा ‘बाहेरगावहून आलेली’ हा पर्याय, कारण ती असं बोलणार नाही. 0.7 मध्ये तो काढतोय.